पायरीवर ठेवलेली डाळ

॥ श्री ॥
लष्कर मोहल्ला, म्हैसूर
२४ जुलै २०२५

ती. वन्संना तुंगाचा नमस्कार.

अनुरागने लातुराहून पाठवलेला माल काल दुपारी पोचला. तूरडाळ वीस पोती, ११२ दराने ६७,२०० रुपये. उडीद गोटा आठ पोती, २५,९२०. मूगडाळ सहा पोती, १७,६४०. सगळी पोती तीस किलोची. लॉरीभाडे ४,०८०, हमाली ५१०. शिवाय तुम्ही पाठवलेली शेंगदाण्याची चटणी एक बरणी, तिची किंमत तुम्ही लिहिली नाहीत म्हणून मीही वहीत लिहिली नाही. मुगाचं एक पोतं कोपऱ्यात ओलं होतं, वाळवून घेतलं, काही गेलं नाही. आपले गुरू रायर, त्यांच्या कृपेने आणि तुमच्या मुलाच्या सचोटीने आमचं दुकान चाललंय, हे मी रोज दिवा लावताना म्हणते.

फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर तुम्हांला माझं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं सगळ्या मोहल्ल्याला. आणि यातली एक गोष्ट तुमच्या भावांनाही मी सांगितलेली नाही.

कर खात्याची नोटीस आली आहे. गेल्या सालात मोबाइलवरून दुकानाच्या खात्यात सत्तेचाळीस लाख आले, चाळीसच्या वर गेलात तर नोंदणी का केली नाही, असं विचारलंय. हे म्हणाले, आपण डाळ विकतो, डाळीला कर नाही, तसं उत्तर देऊ. मला ते बरोबर वाटलं. पण मग मी माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीने नोटिशीसोबतचा कागद वाचला. त्यात लिहिलंय, डाळ पाकिटात भरून वर लेबल लावून विकली तर पाच टक्के.

वन्सं, लेबल मी लावते. पोत्यातून मोजून देतो त्या डाळीला नाही, मडीच्या डाळीला. तुम्हांला आपल्या मागच्या खोलीतलं मडीचं, म्हणजे तुमच्या लातूरच्या भाषेत सोवळ्याचं, काम माहीतच आहे. श्राद्धाला, नैवेद्याला लागणारी डाळ मी आंघोळ करून मडीत निवडते, बांधते आणि वर चिठ्ठी लावते. सासूबाई लावत नव्हत्या. ही अक्कल माझी. मडीची डाळ सालाला सोळा लाखांची जाते. ऐंशी हजार एका सालाचे, तीन सालांचे दोन लाख चाळीस हजार, वर दंड. माझ्या पाटल्या मोडल्या तरी पुरे पडत नाही, मी वजन करून पाहिलं.

हे म्हणतात, नोटीस निभावली तरी दीपावलीला दुकान बंदच करू. आपल्या पोटाला दुसरं काही नाही आणि या वयात हे कुठे नोकरी धरणार? माझ्या चिठ्ठीने दुकान गेलं तर मी मामंजींच्या फोटोपुढे कशी उभी राहू?

तुम्ही कर सल्लागाराच्या कचेरीत एकवीस वर्षं काढलीत. खरं काय ते सांगा. रागावलात तरी चालेल.

आपली,
तुंगा

*

लातूर
२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. तुंगा,

आशीर्वाद. रागावायची परवानगी दिलीस, बरं केलंस, नाहीतर मी न घेताच रागावणार होते.

चार वर्षांपूर्वी मी तुला सांगितलं होतं की पाकिटं करायची असतील तर आधी मला विचार. तेव्हा तू म्हणालीस, "आपण कुठे पाकिटं करणार, वन्सं." आणि आता लेबलं लावून बसली आहेस. आप्पांच्या दुकानात पाकीटबंद माल, हे वाचून मी दोनदा चष्मा पुसला. अनुराग तीस किलोची पोती का पाठवतो असं तुला वाटलं? पंचवीस किलोपर्यंतच्या बांधीव मालाला कर आहे म्हणून. तो तिकडे तुमच्यासाठी पोती मोठी शिवतो आणि तू इकडे त्यांची किलोकिलोची पाकिटं करतेस.

लपवाछपवी करू नका. नोंदणी करा, हप्ते मागा, भरा. पाटल्यांना हात लावू नकोस, मी आणि अनुराग मिळून काही पाहतो. ते परत करायची भाषा आत्ताच नको.

पण आधी मला नीट लिहून कळव: एका वेळी किती पाकिटं भरून ठेवतेस? किती किलोची? पिशवी कसली, लेबल कुठे छापून घेतलंस आणि त्यावर नाव काय?

संकर्षणला सांग. बायकोने नवऱ्यापासून लपवलेला हिशेब मला आवडत नाही.

अलका

*

॥ श्री ॥
म्हैसूर
१३ ऑगस्ट २०२५

ती. वन्संना नमस्कार.

तुम्ही आणि अनुराग पैसे पाहतो म्हणालात, ते वाचून मी पत्र देवापुढे ठेवलं. घेणार नाही, पण आपल्यासाठी कोणी असं म्हणतंय याने माणूस चार दिवस ताठ चालतं.

यांना सांगितलं. बाहेर जाऊन पोत्यांवरची धूळ झटकत बसले.

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून मी चिठ्ठ्या बंद केल्या. फळ लगेच मिळालं. रामविलास रस्त्याच्या श्रीविद्याबाईंचं उडदाचं गाठोडं प्रद्युम्नाचार्यांकडे गेलं आणि आचार्यांची मूगडाळ बाईंकडे. बाईंकडे सासऱ्यांचं श्राद्ध, वड्याला उडीद नाही. बाई फोनवर म्हणाल्या, "तुंगाबाई, आमच्याकडे आज मुगाचे वडे खाऊन पितर परत गेले, पुढच्या साली येतात की नाही बघू." हसूनच म्हणाल्या, पण मला जेवण गेलं नाही.

आता तुमचे प्रश्न. भरून ठेवत काहीच नाही. तुम्ही लग्न होऊन गेलात तेव्हा सासूबाई मडीची डाळ घरोघर पोचवायच्या, ते आता कोण करणार? आता लोक दुकानात येतात. बाजारातून चालत आलेला माणूस मडीच्या डाळीला शिवायचा नाही, म्हणून ते मागच्या उंबऱ्याबाहेर उभे राहतात आणि तिथून हाक मारतात. कोणी पाऊण किलो, कोणी सव्वादोन, ज्याची पानं जितकी वाढायची तितकं. मी आत मडीत असते. त्यांच्यासमोर मोजते, त्यांनी आणलेल्या धुतल्या पंच्यात बांधते आणि दगडी पायरीवर ठेवून मागे होते. मग ते उचलतात. सणासुदीला पायरीवर सात-आठ गाठोडी होतात, सगळे पंचे पांढरे. म्हणून वर चिठ्ठी खोचते. छापायची कुठली, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते. त्यावर घेणाऱ्याचं नाव, काय, किती आणि कोणत्या तिथीसाठी, एवढंच.

नोंदणी करतो, भरतो. पण हे म्हणतात, बंदच करू. शेजारचे गादीवाले मानाजीराव परवा विचारून गेले, जागा सोडणार असाल तर मला सांगा. यांनी नाही म्हटलं नाही. "बघू" म्हणाले. तीस वर्षांत मी यांच्या तोंडून "बघू" ऐकलं नव्हतं. माझ्या हिशेबावरचा विश्वास उडाला असणार, दुसरं काय.

तुंगा

*

म्हैसूर
१६ ऑगस्ट २०२५

प्रिय अक्का,

तुंगा तुला लिहिते हे मला ठाऊक आहे. मी हे पत्र पोस्टात बसून लिहितोय, तिला कळवू नकोस.

नोटिशीचं मला एवढं काही नाही. देणं लागत असेल तर देऊ. पण तिला मे महिन्यापासून खोकला आहे. पावसात मडीची साडी वाळत नाही, दमटच नेसते, दिवसातून तीनदा गार पाण्याची आंघोळ, मग त्या खोलीच्या फरशीवर अनवाणी. डॉक्टर म्हणाले, हे थांबवा. मी थांब म्हटलं तर थांबणार नाही. "गिऱ्हाईकाचं श्राद्ध अडेल" म्हणते. आईपासूनची रीत आहे, ती मोडायला सांगायला माझी जीभ वळत नाही. म्हणून म्हटलं, नोटिशीचं निमित्त बरं आहे. दुकानच बंद केलं तर मडीही आपोआप थांबेल.

ती समजते की मी रागावलोय. समजू दे.

संकर्षण

*

लातूर
२५ ऑगस्ट २०२५

चि. सौ. तुंगा,

खाली बसून वाच. आधी चुलीवरचं उतरव.

मागच्या पत्रात तुला जे बोलले ते सगळं परत घेते. तू "पाकीट" आणि "लेबल" लिहिलंस आणि मी डोळ्यांपुढे प्लास्टिकची छापील पिशवी आणली. चूक माझी. एकवीस वर्षं काम करून मी आधी विचारायचं ते मागून विचारलं.

कायद्याचं पाकीट म्हणजे घेणारा समोर नसताना, आधी ठरवलेल्या वजनाचं भरून ठेवलेलं. तुझा घेणारा उंबऱ्यावर उभा आहे. वजन तो सांगतो. पंचा त्याचा. ही सुटी डाळच झाली, पोत्यातून दिली काय आणि मडीतून दिली काय. चिठ्ठी नसती तर करातून सुटतीस असं नाही आणि चिठ्ठी आहे म्हणून अडकतेस असंही नाही. उलट त्या चिठ्ठीवर घेणाऱ्याचं नाव आणि आडमाप वजन आहे, तोच तुझा पुरावा. उद्यापासून चिठ्ठ्या सुरू कर, आणि जुन्या मिळतील तेवढ्या गोळा कर.

आता दुसरं. तुला कळवू नकोस असं सांगून एकाने मला एक गोष्ट लिहिली आहे. मी कळवते आहे. तुझ्या हिशेबावर कोणाचा राग नाही. तुझ्या खोकल्याची भीती आहे. त्याला वाटतं, तुला मडी सोड म्हणण्यापेक्षा दुकान सोडणं सोपं. आमच्या घरातले पुरुष असेच, पन्नास पोती उचलतील पण एक वाक्य उचलणार नाहीत. त्याला माझं नाव सांगून विचार.

आणि तिसरं, हे सगळ्यांत महत्त्वाचं. डाळीशिवाय काय विकतेस? अगदी थोडं असलं तरी लिही.

अलका

*

॥ श्री ॥
म्हैसूर
३ सप्टेंबर २०२५

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून मी रडले, मग यांना वाचायला दिलं, मग हे दुकानाच्या मागे निघून गेले. परत आले तेव्हा मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?" म्हणाले, "तू ऐकली असतीस?" मी म्हटलं, "नसती." मग दोघेही हसलो. दुकान बंद करायचं आता बोलत नाहीत. "नोटीस सुटली तर बघू" म्हणतात. हा "बघू" मागच्यापेक्षा बरा आहे.

डाळीशिवाय मी हुळीपुडी विकते. आपली घरची, आमटीत घालायची, धणे-मिरची-मेथी आणि भाजलेली हरभऱ्याची, उडदाची डाळ. पाव किलोची पुडी, डाळ नेणारेच नेतात. सालाला त्र्याण्णव हजारांची होते, प्रत्येक पुडीपुढे वहीत टिंब आहे म्हणून एवढं नक्की सांगते. पण मी ती डाळीच्याच पानावर धरत आले. चातुर्मासातल्या द्विदलाच्या महिन्यात आपल्याला डाळ वर्ज्य, तशी हुळीपुडीही वर्ज्य, मिरची-मेथीसुद्धा. जे देवाला द्विदल ते द्विदल, म्हणून एकच पान.

इथले कर लिहिणारे नरसिंहमूर्ती म्हणाले, "तुंगम्मा, पुडीचं सुम्ने, उगाच, बोलू नका. ती रोखीत जाते, नोटिशीत तिचं नावही नाही." तुमचं काय म्हणणं?

तुंगा

*

लातूर
१० सप्टेंबर २०२५

चि. सौ. तुंगा,

देवाचं द्विदल वेगळं, कर खात्याचं वेगळं. दाणा फोडला, साल काढली तरी डाळ ती डाळ. पण भाजून, मसाल्यात कुटली की ती डाळ राहत नाही, पुडी होते, आणि पुडीला कर आहे.

यातली मेख ऐक. सगळा माल करमुक्त असता तर उलाढाल कोटीची झाली तरी नोंदणी नको होती. पण करपात्र माल थोडा जरी असला तर चाळीस लाखांची रेघ मोजताना डाळही मोजतात. तुझ्या एका पुडीमुळे अख्खं दुकान रेघेच्या वर गेलं. कर मात्र पुडीपुरताच. रेघ तू गेल्याच सालात ओलांडलीस, त्यामुळे मागची सालं सुटतात. दराचा वाद आहे, पाच की बारा. बाराची तयारी ठेव. वर व्याज आणि दंड.

नरसिंहमूर्ती म्हणतात तसं केलंत तर बहुधा कोणाला कळणार नाही, हेही खरं. आणि सांगितलंत तर समोरचा माणूस कसा असेल ते मी इथून सांगू शकत नाही. मडीच्या डाळीवरही त्याने शंका घेतली तर मोठं जड जाईल. म्हणून मी "सांग" म्हणत नाही आणि "सांगू नको" म्हणत नाही. दुकान तुमचं आहे.

अलका

*

॥ श्री ॥
म्हैसूर
१२ ऑक्टोबर २०२५

ती. वन्संना तुंगाचा साष्टांग नमस्कार.

लिहायला महिना गेला, क्षमा करा. आधी पितृपक्ष, मग कचेरी, मग दसऱ्याला घरात अकरा माणसं. आता सगळं क्रमाने लिहिते.

पितृपक्षात पायरीवर जो येईल त्याला मी सांगायची, जुनी चिठ्ठी असली तर आणून द्या, कर खात्यात दाखवायची आहे. मला वाटलं, पाच-दहा मिळतील. वन्सं, लोकांनी त्या जपून ठेवल्या होत्या. पंचांगात. किती पानांना किती डाळ लागली ते पुढच्या साली बघायला म्हणून, गेल्या सालची चिठ्ठी त्या तिथीच्या पानात खोचलेली. श्रीविद्याबाईंनी नऊ आणल्या, हळदीचे डाग पडलेल्या. प्रद्युम्नाचार्यांनी माझ्याकडून झालेल्या घोटाळ्याचा विषयही न काढता चौदा दिल्या. हूटगळ्ळीला राहायला गेलेला श्रीवत्स म्हणून एक कंपनीतला मुलगा आहे, तो बस बदलून फक्त दोन चिठ्ठ्या द्यायला आला. "आई गेल्यावर तुमच्या चिठ्ठीवरूनच मला कळलं, किती घ्यायचं" म्हणाला. सगळ्या मिळून एकशे त्रेचाळीस झाल्या. मी दोऱ्यात ओवल्या. एवढ्या घरांनी आपलं अक्षर देवाच्या पुस्तकात ठेवलं होतं आणि मी ते लेबल समजून बंद केलं होतं.

तेवीस सप्टेंबरला बोलावणं होतं. मानाजीरावांनी गादीचं दुकान बंद ठेवून आम्हांला त्यांच्या टेंपोतून नेलं. वाटेत म्हणाले, "जागा नाही मिळाली तरी चालेल वहिनी, हुळीपुडी मिळत राहू दे." हे पहिल्यांदा त्यांच्या बोलण्यावर हसले.

अधिकारी बाई होत्या, आमच्या लेकीच्या, पूजिताच्या वयाच्या. चिठ्ठ्यांची माळ त्यांनी टेबलावर पसरली.

"यावर नाव कोणाचं?"

"घेणाऱ्याचं."

"दुकानाचं का नाही?"

"माझं मला माहीत आहे, बाई. गाठोडी घेणाऱ्यांची बदलतात."

त्या हसल्या नाहीत, पण पेन खाली ठेवलं. "मोजताना घेणारा कुठे असतो?"

"उंबऱ्याबाहेर. हाक मारून सांगतो. पावणेदोन म्हटलं तर पावणेदोन."

"मी आले तर मला आत येऊन बघता येईल?"

"आंघोळ करून आलात तर उंबऱ्यापर्यंत. आत नाही."

नरसिंहमूर्ती माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होते. बाईंनी दहा-बारा चिठ्ठ्या वाचल्या. एकही वजन दुसऱ्यासारखं नाही. "ही सुटी विक्री आहे," म्हणाल्या, आणि कागद मिटायला घेतले. आटोपलं होतं, वन्सं. यांनी उठायला खुर्ची मागे सारली.

मी बसून राहिले. म्हटलं, "आणखी एक आहे. आम्ही हुळीपुडी विकतो."

नरसिंहमूर्तींनी कपाळावर हात मारला. यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला नाही, एवढं मी पाहिलं. बाईंनी विचारलं, "किती?" मी वही उघडून टिंबांची पानं दाखवली. त्र्याण्णव हजार चारशे वीस. "हे आम्ही विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्ही नाही विचारलंत. पण इतक्या घरांनी खरं दाखवायला एकशे त्रेचाळीस चिठ्ठ्या दिल्या, त्यांच्याखाली ही एक पुडी लपवायची कशी?" त्या बराच वेळ लिहीत राहिल्या. त्या वेळात मला वाटलं, आता डाळीचं पानही पुन्हा उघडतील आणि दुकान माझ्या तोंडाने गेलं.

उघडलं नाही. नोंदणी करायला सांगितली. पुडीवर बारा टक्के कर, व्याज आणि दंड मिळून तेवीस हजार चारशे दहा. डाळीला शून्य. आदेश गेल्या बुधवारी हातात आला, पैसे त्याच दिवशी भरले. पाटल्या हातातच आहेत. नरसिंहमूर्तींनी आपली फी घेतली नाही. म्हणाले, "तुंगम्मा, माझं तुम्ही ऐकलं नाही, मग पैसे कशाचे?" मी दोन पुड्या दिल्या, बिलासकट.

दुकान चालू राहणार. हे आपण होऊन म्हणाले. आणि पितृपक्षाच्या पहिल्या दिवसापासून मागच्या खोलीत मडीत हे उभे राहतात, मी पुढे गादीवर बसते. पहिल्या दिवशी यांनी पंचा नेसून तूर मोजली तर बाहेरच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. एक म्हणाली, "राव, तुम्हांला निवडता येते का डाळ?" हे म्हणाले, "खडा लागला तर नाव माझं सांगा, चिठ्ठीवर तुमचं आहे." हे आतून वजन ओरडतात, मी बाहेरून चिठ्ठी लिहून पायरीच्या कडेला ठेवते. खोकला पुष्कळ कमी आहे.

तुम्ही नसता तर मी पाटल्या मोडून, नको तो कर भरून, चिठ्ठ्या जाळून बसले असते. आणि यांच्या मनातलं मला कधी कळलं नसतं. त्याबद्दल काय लिहू? रोज संध्याकाळी तुमच्या नावाने एक वात जास्त लावते, तेलाचा खर्च मी वहीत धरत नाही.

आता द्विदलाचा महिना चालू आहे, घरात डाळ शिजत नाही, मडीच्या डाळीलाही मागणी नाही. पण कार्तिकातल्या द्वादशीला व्रत सुटलं की महिनाभर डाळीवाचून राहिलेली घरं एकदम येतात. म्हणून अनुरागला सांगा, तूर चाळीस पोती, उडीद बारा, मूग दहा, एक नोव्हेंबरच्या आत पोचतील अशी. बिलावर आमचा नवा नोंदणी क्रमांक घालायचा आहे, तो पाठीमागे लिहिला आहे.

आणि एक काम तुमच्याकडे. थंडीत ओल्या पंच्यात उभं राहून आता हे खोकायला लागतील. तिकडे मडीला चालणारी लोकरीची धाबळी मिळते असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. यांची उंची तुम्हांला ठाऊक आहे, पोट मात्र तुमच्या आठवणीपेक्षा चार बोटं जास्त धरा. बाराशेच्या आत मिळाली तर पोत्यांसोबत पाठवा. महाग असली तरी घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण किंमत आधी कळू द्या. तुरीचा दर आणि धाबळीचा भाव, दोन्ही उलट टपाली कळवावे.

आपली,
तुंगा